वेदीवरील प्याला आणि खिडकीतील कप

नम्रतेविषयी आपल्या धर्मग्रामांतून जितके बोलले जाते, तितके दुसऱ्या कोणत्याही सद्‌गुणाविषयी बोलले जात नसेल. उपवासकाळातील प्रवचनांत ती असते, नोव्हेनांत असते, धर्मग्राम परिषदेच्या वार्षिक अहवालात असते, आणि सत्काराला दिलेल्या उत्तरात तर ती हटकून असते. 'मी काय, आपणा सर्वांचा एक सामान्य सेवक,' असे सत्कारमूर्ती म्हणतात, त्या वेळी शाल त्यांच्या खांद्यावर असते, श्रीफळ हातात असते आणि छायाचित्रकाराला कोन नीट मिळावा म्हणून मान किंचित डावीकडे वळलेली असते. श्रोते टाळ्या वाजवतात. एखाद्या वर्षी त्या सेवकाला खरोखरच खुर्च्या उचलायला सांगितले, तर काय होईल, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

नम्रतेविषयी बोलण्याला आमचा विरोध नाही. तिची भाषा आपल्याला इतकी सरावाची झाली आहे की तिचा अर्थ उलटा झाल्याचे ध्यानी येईनासे झाले आहे, ही आमची तक्रार आहे. ज्याच्यापाशी पद आहे, पैसा आहे, शिक्षण आहे, घराण्याचे नाव आहे, त्याने खाली उतरावे म्हणून प्रभूने जी शिकवण दिली, ती आपण आधीच खाली बसलेल्यांना ऐकवीत आहोत. सुनेने नम्र असावे. चर्चचे आवार झाडणाऱ्याने नम्र असावे. धर्मशिक्षण देणाऱ्या तरुण शिक्षिकेने परिषदेच्या ज्येष्ठ सदस्यांपुढे नम्र असावे. घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईने तर नम्र असावेच असावे. ती जरा मोठ्याने बोलली तर 'हल्ली यांना फार आले आहे' असे आपण म्हणतो. हाच ताठा घरच्या यजमानांत दिसला तर त्याला आपण 'करारी स्वभाव' म्हणतो.

शब्दापासून सुरुवात करू. लॅटिन भाषेत नम्रतेला 'हुमिलितास' म्हणतात आणि त्याचे मूळ 'हुमुस', म्हणजे माती, या शब्दात आहे. आपला 'नम्र' हा शब्द वाकण्यावरून आला, तो मातीवरून आला. कोल्हापूरच्या माणसाला हा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान ज्या गावात आहे, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे ज्या गावात आदराने घेतली जातात, त्या गावात माती म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पैलवान हौद्यात उतरतो तो आधी वाकतो आणि माती कपाळाला लावतो. ती माती कोणीतरी उकरलेली असते. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मऊ केलेली असते. पण माती कपाळाला लावून झाल्यावर तो पैलवान हात जोडून कोपऱ्यात उभा राहत नाही. तो सर्व बळानिशी लढतो. 'छे, मी कसला पैलवान' असे म्हणत जो हौद्यात मागे मागे सरकेल, त्याला वस्ताद बाहेर काढतील, आणि योग्यच करतील. आव्हिलाच्या संत तेरेझा यांनी नम्रतेचा अर्थ सत्याला धरून चालणे असा लावला, तो या मातीला अगदी जवळचा आहे. आपल्या अंगी जे आहे ते नाकारणे ही नम्रता नव्हे, आणि जे नाही त्याचा आव आणणे तर नव्हेच. आपण सगळे एकाच मातीचे आहोत, हे ज्याला मनापासून पटले, त्याच्या वागण्यात त्याचा पुरावा दिसला पाहिजे.

तो पुरावा कोठे शोधावा? आमचे उत्तर आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत.

वाचकहो, आपल्या अनेक घरांत सिंकच्या वरच्या खिडकीत, किंवा मोरीजवळच्या फळीवर, एक कप वेगळा ठेवलेला असतो. बहुधा त्याचा कान तुटलेला असतो, किंवा तो कप नसून स्टीलचा जुना पेला असतो. कामाला येणारी बाई सकाळचा चहा त्यात घेते, स्वतः विसळते आणि स्वतःच पुन्हा खिडकीत ठेवते. तिला आपण 'मावशी' म्हणतो. हे आपले मोठे सौजन्य! आईची बहीण गोव्याहून किंवा वसईहून चार दिवस राहायला आली, तर तिचा चहा त्या खिडकीतल्या कपात ओतायचे धाडस घरात कोणी करील काय? मग जिला मावशी म्हणायचे तिला मावशीचा कप का नाही? आणि हेच घर रविवारी सकाळी सहकुटुंब मिस्साला जाते, एका वेदीभोवती उभे राहते, आणि वेदीवरील तो एकच प्याला सर्वांसाठी आहे हे शब्द भक्तिभावाने ऐकते. वेदीवर एक प्याला आणि घरी दोन प्रकारचे कप, ही विसंगती ज्याला बोचत नाही, त्याने नम्रतेवरची किती पुस्तके वाचली आहेत याची चौकशी करण्यात अर्थ नाही.

यावर मिळणारी उत्तरे आम्हाला पाठ आहेत. पहिले उत्तर आरोग्याचे. 'ती दहा घरी काम करते, कुठून काय घेऊन येईल सांगता येत नाही.' परंतु तीच बाई आपली सगळी भांडी घासते, कणीक मळते, तान्ह्या मुलाला मांडीवर घेते. रोग फक्त कपाच्या काठावरून येतो, हाताच्या बोटांवरून येत नाही, असे वैद्यकशास्त्र तरी सांगत नाही. आणि जे पाहुणे आपल्या काचेच्या कपाटातील बशीतून चहा पितात, त्यांची रक्ततपासणी आपण कधी मागितली होती? दुसरे उत्तर अधिक हळुवार असते: 'आम्ही म्हणतो हो बस म्हणून, तिलाच अवघडते.' अवघडत असेल. जन्मभर जिला उंबऱ्याशी उभे केले तिला एका सकाळी खुर्ची दाखवली की ती लगेच ऐसपैस बसेल, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. तिचे अवघडणे हा तिचा स्वभाव नसून आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. तिसरे उत्तर सर्वांत धार्मिक: 'हे सामाजिक प्रश्न झाले, अध्यात्माशी यांचा काय संबंध?'

संबंध काय, हे संत पौलाने करिंथच्या मंडळीला फार पूर्वी, इसवी सनाच्या पहिल्याच शतकात, लिहून कळवलेले आहे. त्या काळी प्रभुभोजन खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर होत असे. ज्यांना सवड होती ते लवकर येत, पोटभर खात-पीत. राबणारे उशिरा येत आणि उपाशी राहत. पौलाने त्यांना काय सांगितले ते कोणीही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात काढून पाहावे. त्याने हा प्रकार गैरसोय म्हणून सोडून दिला नाही, की समाजकार्याच्या समितीकडे पाठवला नाही. जे चालले आहे ते प्रभूचे भोजनच नव्हे, इथपर्यंत तो गेला. ताटांचा आणि प्याल्यांचा प्रश्न त्याने सरळ वेदीपाशी नेऊन ठेवला. तो तेथून उचलून स्वयंपाकघरातील खासगी बाब करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याच कोल्हापुरात चहाच्या कपाची एक गोष्ट घडून गेली. शाहू महाराजांच्या चरित्रात ती येते आणि गावात अजून सांगितली जाते. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाचे पाणी घेतले म्हणून त्यांना तेथल्याच लोकांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पुढे कांबळे यांनी महाराजांच्याच मदतीने चहाचे दुकान काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला अर्थातच कोणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडीतून तेथे गेले, चहा मागवला, प्यायले, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावला. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही म्हणणार कोण? १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, सरकारी इमारती येथे शिवाशिव पाळू नये असे हुकूमही त्यांनी काढले. परंतु हुकूम काढणे राजाला सोपे असते. हुकूम काढणारा राजा रस्त्यावरच्या दुकानात जाऊन कप तोंडाला लावतो, तेव्हा त्याला काहीतरी मोजावे लागते. वेदोक्ताच्या वादात खुद्द आपल्याला शूद्र ठरवले गेल्याचा अनुभव या राजाने घेतलेला होता, हेही विसरता येत नाही. अपमान सोसलेली पुष्कळ माणसे तो अपमान खालच्यावर काढतात. महाराजांनी तसे केले नाही.

शाहू महाराजांना 'विनम्र' हे विशेषण कोणी लावल्याचे आमच्या वाचनात नाही. धिप्पाड देहाचा, कुस्तीचा आणि शिकारीचा शौकीन, मोठ्याने बोलणारा, रागावला की समोरच्याची पाचावर धारण बसवणारा असा हा माणूस. आपल्या सत्कारसभांच्या मापाने तो नम्र ठरणार नाही. पण आम्हाला विचाराल तर त्या एका कपात जितकी नम्रता होती, तितकी आपल्या वर्षभराच्या आभारप्रदर्शनांत मिळून नसते. कोणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाला नम्रता शिकवायला ख्रिस्तेतर राजाचा दाखला कशाला? याचे उत्तर प्रभूनेच देऊन ठेवले आहे. शेजारधर्म शिकवण्यासाठी त्याने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आणि श्रद्धेची वाखाणणी करताना रोमन शताधिपतीकडे बोट दाखवले. आपल्यातील कोणी सापडला असता तर तो कदाचित इतक्या लांब गेला नसता.

ही बाब केवळ काही घरांच्या खिडक्यांपुरती असती, तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या ख्रिस्तसभेतही वेगळे कप आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेच्या आत जातिभेद अजून पाळला जातो हे मान्य केले आहे. भारताला पहिले कार्डिनल १९५३ मध्ये मुंबईच्या व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या रूपाने मिळाले. दलित समाजातील पहिले कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, यांना ते पद मिळण्यासाठी ऑगस्ट २०२२ उजाडावा लागला. आपल्या कोल्हापूरच्या मंडळीत गोव्याची, मंगळूरची, वसईची, आजरा-चंदगडची, नगर जिल्ह्यातील अशी नाना ठिकाणची कुटुंबे आहेत. कोण कोणाकडे जेवायला जाते, मुलीसाठी स्थळ कोठे पाहिले जाते आणि कोठे पाहिले जात नाही, कोणत्या आडनावानंतर 'मूळचे कुठले तुम्ही?' हा प्रश्न पुन्हा एकदा विचारला जातो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. बाप्तिस्म्याचे पाणी सर्वांच्या डोक्यावर सारखेच ओतले गेले होते.

आता पवित्र गुरुवारच्या विधीकडे येऊ. पाय धुण्याचा हा विधी आज आपण मिस्साचा अविभाज्य भाग समजतो, पण धर्मग्रामातील सायंकाळच्या मिस्सात तो येऊ शकला तो पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींत सुधारणा केली तेव्हा. त्याआधी तो स्वतंत्रपणे, मुख्यतः कॅथेड्रलांतून आणि मठांतून होई. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणी साध्या चर्चमध्ये हे दृश्य बहुधा नव्हतेच. ते वेदीजवळ आणण्यामागे हेतू असा की, प्रभूने दासाचे काम केले हे श्रद्धावंतांनी डोळ्यांनी पाहावे. आपण त्याचे काय केले? आपण त्याचा मानपान केला. बाराजणांची यादी परिषदेत ठरते. गेल्या वर्षी कोण होते, या वर्षी कोणाला राहून गेले, कोणाला बोलावले नाही तर ते रागावतील, यावर चर्चा होते. निवडलेले गृहस्थ घरून स्वच्छ पाय धुऊन येतात, कारण पाय धुवायचे आहेत! नवे मोजे असतात, नखे कापलेली असतात, पायाला घामाचा वास येऊ नये याची काळजी घेतलेली असते. धर्मगुरू त्या निर्मळ पावलावर पेलाभर पाणी ओततात. ज्यांचे पाय खरोखरच भेगाळलेले आणि मातीने भरलेले असतात, ते त्या वेळी मागच्या बाकावर, किंवा दाराबाहेर चपलांच्या राशीजवळ उभे असतात.

त्या रात्रीच्या प्रसंगात पेत्राचा नकार आहे, आणि त्याच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही असे आम्हाला वाटते. पेत्र म्हणतो की प्रभूने आपले पाय धुवायचे नाहीत. वरवर पाहता यासारखी नम्रता दुसरी नाही. गुरूने आपल्यापुढे वाकावे हे शिष्याला सहन होत नाही! परंतु प्रभू त्याची पाठ थोपटत नाही. त्याला जवळजवळ दटावतो. का? आम्हाला कारण असे दिसते. गुरू जर खाली बसून पाय धुऊ लागला, तर मग वर बसण्यात काही राम उरत नाही. उद्या पेत्रालाही कोणाचे तरी पाय धुवावे लागतील. प्रभूने वरच राहावे, म्हणजे त्याच्या खालोखाल आपली पायरीही शाबूत राहील, असा त्या नकाराचा, पेत्रालाही न कळलेला, अर्थ असू शकतो. आपल्यातील पुष्कळ नम्रता या जातीची आहे. 'फादर, तुम्ही कशाला, आम्ही आहोत ना' असे म्हणून आपण फादरांना वर बसवतो, आणि मग 'साहेब, तुम्ही कशाला, आम्ही आहोत ना' असे आपल्यालाही कोणीतरी म्हणावे अशी वाट पाहतो. ज्या दोन भावांनी प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूची आसने मागितली होती, ते निदान उघडपणे मागत होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये, निवड झाल्यावर काही दिवसांतच, हा विधी रोमच्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. बाराजणांत दोन मुली होत्या आणि मुस्लिमही होते. तेव्हा आपल्याकडील काही मंडळींनी भुवया उंचावल्या होत्या. जानेवारी २०१६ मध्ये रोमहून आदेश निघाला आणि ज्यांचे पाय धुवायचे त्यांत स्त्रियांनाही घेण्यास अधिकृत मुभा मिळाली. देवाच्या प्रजेतील सर्व प्रकारचे लोक त्यांत असावेत, असा त्याचा रोख होता. बारा ही संख्याही मिस्साग्रंथाने सांगितलेली नाही. ती आपली सवय. १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांच्या अंगी वाकण्याचे बळ उरले नव्हते. तरीही ते रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले, आणि या वर्षी पाय धुता येत नाहीत हे त्यांना सांगून आले. चार दिवसांनी ते वारले.

पायांचा विषय निघाला आहे आणि आपण कोल्हापुरात आहोत, तेव्हा चपलेला वगळून पुढे जाता येणार नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी दिसणारी पादत्राणे मंचावर आणली आणि ती कोठून आली याचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. साहजिकच सर्वत्र संताप उसळला, आणि कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. तो संताप रास्त होता. ज्याच्या हातांनी वस्तू घडते त्याचे नाव पुसून टाकणे हा अन्याय आहे. पण हाच न्याय घेऊन कोणत्याही चर्चच्या पायऱ्या चढाव्यात. बाकांवर नावे आहेत, पंख्यांवर नावे आहेत, खिडक्यांच्या रंगीत काचांखाली नावे आहेत. 'अमुक यांच्या स्मरणार्थ कुटुंबीयांकडून नम्रतापूर्वक अर्पण' अशी संगमरवरी अक्षरे आहेत. ती नम्रता सोनेरी रंगात भरलेली असते, आणि रंग उडाला तर लगेच तक्रार येते. ज्या गवंड्याने फरशी बसवली, ज्या सुताराने बाक केला, ज्या बायकांनी डोक्यावरून वाळू वाहिली, त्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. सुतार! निदान आपल्या धर्मात तरी सुताराचे नाव विसरले जायला नको होते. गुप्त दानाविषयी प्रभूने जे सांगितले ते देणगीदारांना ठाऊक नसते असे नाही. आवडते नावाचे बाक, म्हणून ती शिकवण बाजूला राहते.

आणि स्त्रिया. नम्रतेची शिकवण आपल्याकडे सर्वाधिक कोणाला दिली गेली असेल तर स्त्रियांना, आणि त्यासाठी पवित्र मरियेचे नाव सर्वाधिक वापरले गेले. मार्च २०१८ मध्ये खुद्द व्हॅटिकनच्या वृत्तपत्राच्या स्त्रियांसाठीच्या मासिक पुरवणीत एक लेख आला. धर्माधिकाऱ्यांच्या घरी धर्मभगिनी स्वयंपाक, धुणे, इस्त्री ही कामे तुटपुंज्या वेतनावर किंवा विनावेतन करतात आणि जेवायच्या वेळी त्यांना मेजावर क्वचितच बोलावले जाते, असे त्यात सांगितले होते. हे वाचून आपण रोमकडे बोट दाखवू नये. आपल्या घरांतही सुगरण गृहिणी सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले घेऊन ओट्यापाशी उभ्याने जेवते, आणि तिच्या 'नम्र स्वभावाचे' कौतुक तिच्या अंत्यविधीच्या वेळी होते. मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणते हे खरे. परंतु ती हे देवाला म्हणते. गावच्या पंचांना नव्हे. आणि त्याच अध्यायात ती जे स्तोत्र गाते त्यात सिंहासनावरून खाली ओढलेले सत्ताधीश आहेत, वर उचललेले दीन आहेत, रिकाम्या हाताने परत पाठवलेले धनवान आहेत. नम्र मरियेचे हे गाणे जिला खरोखर कळले, ती गप्प बसेलच अशी खात्री कोणी देऊ नये. ज्यांनी तिला केवळ झुकलेल्या डोळ्यांची मूर्ती करून ठेवले, त्यांनी ते स्तोत्र बहुधा चालीपुरतेच ऐकलेले असते.

कोणी विचारील, इतकी कठोर भाषा कशाला? माणसे हळूहळू बदलतात. बदलतात खरी. पण आम्ही त्यांना एका आठवड्यात बदलताना पाहिले आहे, आणि पुढच्या महिन्यात पूर्वपदावर येतानाही पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने कोल्हापुरात जे केले ते कोणी विसरलेले नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. बंगल्यांतील माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. ज्यांनी जन्मात कोणाकडे काही मागितले नव्हते ते निवारा केंद्रांत रांगेत उभे राहिले. खिचडी कोणी शिजवली, पाणी कोणत्या पिंपातून आले, पेला आधी कोणी तोंडाला लावला होता, हे कोणी विचारले नाही. धुणेभांडी करणारी बाई आणि जिच्या घरी ती काम करी ती बाई, दोघी एकाच सतरंजीवर निजल्या. घेण्यातही एक नम्रता असते आणि ती देण्यापेक्षा कठीण असते, हे त्या दिवसांत पुष्कळांना उमगले. मग पूर ओसरला. घरे धुऊन निघाली, गाळ काढला गेला, विमा कंपनीकडे अर्ज गेले, आणि काही दिवसांत खिडक्यांत पुन्हा कप दिसू लागले. चार दिवस रांगेत उभे केले ते पुराने. पाणी ओसरल्यावर कोणी उभे राहायला लावणारे उरले नाही.

येत्या पवित्र गुरुवारसाठी आमची सूचना साधी आहे, आणि ती ज्यांना रुचणार नाही त्यांनी परिषदेत उघडपणे विरोध करावा. यादीची चर्चा बंद करावी. चर्चचे आवार झाडणारे, दफनभूमीत खड्डे खणणारे, स्वयंपाकाला मदत करणाऱ्या, शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून थेट येणारे जे श्रद्धावंत आपल्यात आहेत, त्यांना आधी विचारावे, आणि 'आम्हाला अवघडते' असे ते म्हणाले तर पुन्हा विचारावे. पाणी आणून द्यायला आणि टॉवेल धरायला परिषदेच्या पदाधिकाऱ्यांनी उभे राहावे; त्यांची नावे सूत्रसंचालकाने घेऊ नयेत. आपल्या घरी राबणाऱ्या बहुतेक बाया ख्रिस्ती नाहीत, म्हणून वेदीजवळच्या या विधीत त्या येणार नाहीत. घरच्या मेजाला मात्र कोणताही विधिनियम अडवीत नाही. त्या सकाळी चहा सर्वांनी एकत्र बसून, एकसारख्या कपांतून घ्यावा, आणि कप विसळायला यजमानांनी उठावे. कपाटातील चांगल्या कपबश्या पुरतील की नाही ही काळजी नको. बहुतेक घरांत त्या सहा असतात, आणि माणसे चार.